हृदयाच्या वाहिनीत ‘गाळ’ नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत हृदयविकारावरच्या लेखाला गाळाने तुंबलेल्या नळाचं चित्र होतं. ते पाहून राहवलं नाही. मी 31 वर्षं पॅथॉलॉजीत तंत्रज्ञ होते. शवविच्छेदनातल्या हृदयवाहिन्यांचे मेणात बसवलेले तुकडे मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, कापायचे, रंगवायचे, हे माझं काम. रक्त वाहायची पोकळी चांगली मोकळी आणि भिंतीत मात्र गळवासारखा फुगवटा, अशा कितीतरी स्लाइड हातांखालून गेल्या. फुगवट्यात सुईसारख्या पांढऱ्या फटी दिसतात. तिथे कोलेस्टेरॉलचे स्फटिक होते. स्लाइड तयार करताना झायलीन या द्रावकात ते विरघळतात, जागा तेवढी राहते.

फटींभोवतीचा चोथा हा बराचसा मेलेल्या पेशींचा. भिंतीत शिरलेलं कोलेस्टेरॉल खायला भक्षक पेशी येतात, खाऊन खाऊन फुगतात आणि मरतात. पेशीनं ठरल्या क्रमानं आवरतं घेणं, म्हणजे अपॉप्टोसिस, एरवी शरीराच्या सोयीचंच. 1972 साली हे नाव देणाऱ्यांनी पानगळीचा ग्रीक शब्द निवडला. गळलेलं पान, म्हणजे मेलेली पेशी, शेजारची पेशी गिळून टाकते, मागमूस राहत नाही. रक्तवाहिनीतही सुरुवातीला तसंच होतं. दुखणं जुनं झालं की मात्र उचलणाऱ्या पेशीच कमी पडतात. पडून राहिलेल्या पेशी फुटतात, दाह वाढतो. फुगवट्यावरचं कोलॅजनचं, म्हणजे चिवट प्रथिनाच्या धाग्यांचं, झाकण विणणाऱ्या स्नायुपेशीही मरू लागल्या की ते विरत जातं. असं विरलेलं झाकण फाटलं की रक्त चोथ्याला भिडतं आणि गोठायला लागतं.

माझ्या धाकट्या भावाला अँजिओग्राफीत 40 टक्के ब्लॉकेज निघालं. “ताई, साठ टक्के नळ मोकळा आहे,” म्हणत त्यानं कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद केली. सात महिन्यांनी पहाटे झटका आला, त्याच जागी. वाचला, पण आता एक जिना चढला तरी बसावं लागतं. गोळीनं झटका टळलाच असता असं मी म्हणणार नाही. पण ती गोळी, म्हणजे स्टॅटिन, भिंतीतली चरबी कमी करतं, झाकण जाड व्हायला मदत करतं, हे नळाच्या चित्रावरून त्याला कळणार तरी कसं?

पुढच्या वेळी कापलेल्या वाहिनीचा फोटो छापावा, ही विनंती. कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयाच्या पॅथॉलॉजी विभागात अशी स्लाइड मिळेल. पोकळी कुठे संपते नि भिंत कुठे सुरू होते, एवढं बाणाने दाखवलं तरी पुरे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, मिरज