शेवटांची मोजदाद पुरे, भूमिकेला वाव हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

हौशी गेमनिर्मात्यांविषयी आपल्या पुरवणीत प्रसिद्ध झालेला लेख वाचला. नोकरी-शिक्षण सांभाळून एकट्याने किंवा दोघा-तिघांच्या चमूने रोलप्लेइंग गेम (खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळतो असे गेम) तयार करणाऱ्यांची दखल घेतली गेली, याचा आनंद आहेच. मात्र गेमची गुणवत्ता ठरवताना खेळाडूला किती ठिकाणी निवड करता येते आणि गेमचे किती वेगवेगळे शेवट होतात, एवढ्या दोनच गोष्टी लेखात मोजलेल्या दिसल्या. हा मापदंड मला चुकीचा वाटतो, आणि हौशी निर्मात्यांचे तर तो प्रत्यक्ष नुकसान करतो, म्हणून हे पत्र.

हिशोब साधा आहे. कथेत दहा ठिकाणी प्रत्येकी दोन पर्याय ठेवले आणि प्रत्येक निवडीनंतर कथा खरोखरच वेगळ्या वाटेने न्यायची ठरवली, तर शेवटापर्यंत १,०२४ वाटा होतात. त्या सगळ्या लिहिणे, त्यांतल्या प्रसंगांना चित्रे आणि संगीत जुळवणे आणि कुठे काही अडकत नाही ना हे तपासणे पगारी माणसांच्या मोठ्या चमूलाही झेपणारे नाही. म्हणूनच व्यावसायिक गेममध्ये कथेला फुटलेले फाटे थोड्या अंतरावर पुन्हा एखाद्या सामायिक प्रसंगात आणून मिळवले जातात. हौशी निर्माता मात्र ‘तुमच्या प्रत्येक निर्णयाने कथा बदलेल’ असे सुरुवातीलाच जाहीर करून बसतो. मग पहिल्या अध्यायाला भरगच्च फाटे फुटतात, दुसऱ्यात ते विरळ होतात आणि तिसरा अध्याय लिहूनच होत नाही. असे गेम नेमाने खेळणाऱ्यांना ‘डेमो’ म्हणूनच कायम राहिलेली कितीतरी नावे आठवतील.

या हव्यासाचे मूळ टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग गेममध्ये आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली प्रसिद्ध झाला. अशा खेळात कथा सांगणारा आणि नियम सांभाळणारा गेममास्टर समोर बसलेला असतो, आणि एखाद्या खेळाडूने ऐनवेळी ‘मी या राक्षसाशी लढत नाही, त्याला कामावर ठेवतो’ असे म्हटले, तरी तो क्षणभर विचार करून कथा पुढे नेऊ शकतो. संगणकावरच्या गेममध्ये आधी जेवढे लिहून ठेवले असेल तेवढेच घडते. त्यामुळे टेबलावरून संगणकावर येताना लेव्हल (पात्राची पातळी), हिट पॉइंट (पात्रात किती जीव उरला त्याचा आकडा) आणि फाशांची गणिते अलगद आली. आपण जिची भूमिका वठवतो आहोत ती व्यक्ती कोण, तिला काय खुपते, ती कशापुढे नमत नाही, हा भाग बहुतांशी मागे राहिला.

साधनांचाही यात वाटा आहे. जपानमधून आलेल्या ‘आरपीजी मेकर’ (आरपीजी म्हणजे रोलप्लेइंग गेम) या गेम बनवण्याच्या साधनांच्या मालिकेने प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही नकाशे, लढाया आणि सामानाची यादी यांची तयार यंत्रणा दिली, आणि हे उपकार कोणी नाकारू नयेत. या साधनात पर्यायांची चौकट दाखवण्याची कमांड अर्ध्या मिनिटात टाकता येते. वेळ लागतो तो खेळाडूच्या उत्तराची नोंद स्विचमध्ये किंवा व्हेरिएबलमध्ये (गेमने लक्षात ठेवायच्या खुणेत किंवा आकड्यात) ठेवून तीन तासांनी ते उत्तर दुसऱ्याच कुणाच्या तरी बोलण्यात आणायला. अर्ध्या मिनिटात होणारे काम मग गेमभर पसरते आणि वेळ मागणारे काम राहून जाते.

एक नेहमीचा प्रसंग घेतो. नायकाला पूल ओलांडायचा आहे आणि पुलावर पहारेकरी उभा आहे. हौशी गेममध्ये इथे हमखास तीन पर्याय येतात: लढा, पैसे द्या, गोड बोलून वाट काढा. तिन्हींचा परिणाम एकच, की नायक पलीकडे पोहोचतो आणि पहारेकरी कथेतून कायमचा नाहीसा होतो. निर्मात्याच्या वहीत ही ‘तीन वाटांची निवड’ म्हणून नोंदली जाते. खेळाडू मात्र स्वस्तातला पर्याय दाबून पुढे जातो. आता याच प्रसंगात वाट एकच ठेवू. पहारेकरी सोडणारच आहे, फक्त तो विचारतो, ‘पलीकडे कशाला चाललास?’ त्यावर ‘भावाला शोधायला’, ‘विचारणारा तू कोण?’ किंवा काहीच न बोलणे, यांपैकी एक उत्तर खेळाडूने द्यायचे आणि ते एका व्हेरिएबलमध्ये १, २ किंवा ३ असे साठवायचे. परतीच्या वाटेवर तोच पहारेकरी त्या उत्तराला धरून बोलतो, मुक्कामाच्या रात्री सोबती त्याचा विषय काढतो, आणि भाऊ सापडल्यावर त्याच्याही कानावर ते आधीच गेलेले असते. तीन ठिकाणी तीन-तीन, म्हणजे नऊ वाक्ये लिहावी लागली. कथा एका पावलानेही बदललेली नाही, पण नायक कोण आहे हे खेळाडूने ठरवले आणि गेमने ते ऐकले. (जाता जाता, ‘गप्प राहा’ हा पर्याय हौशी मंडळी फारच क्वचित देतात. तो लिहायला सर्वांत स्वस्त आहे आणि पुष्कळदा सर्वांत बोलका ठरतो.)

हा माझा शोध नव्हे. १९९९ च्या ‘प्लेनस्केप: टॉरमेंट’मध्ये काही ठिकाणी एकच वाक्य पर्यायांच्या यादीत दोनदा येते, एकदा खरे म्हणून आणि एकदा खोटे म्हणून. ऐकणाऱ्याला दोन्ही वेळा शब्द तेच ऐकू येतात, पण वचन देताना ते पाळायचे आहे की नाही, हे खेळाडूने स्वतःशी ठरवलेले असते. लेखकाला यासाठी एक जादा ओळ लिहावी लागते. याउलट १९९७ च्या ‘फॉलआउट’मध्ये नायकाची बुद्धिमत्ता फार कमी ठेवली, तर त्याला धड वाक्यही बोलता येत नाही आणि लोक त्याच्याशी तसेच वागतात. ही कल्पना अफलातून असली, तरी तिच्यासाठी संवादांचा मोठा भाग दुसऱ्यांदा लिहावा लागतो. एकट्या माणसाने ती जशीच्या तशी उचलू नये. दोन-तीन महत्त्वाच्या पात्रांपुरती वापरली तर जमण्यासारखी आहे.

निवडीचे नाटक करणे हा याहून वाईट प्रकार. १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये सुटका केलेली राजकन्या नायकाला सोबत नेण्याची विनंती करते आणि नकार दिला की होकार मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा तेच विचारत राहते. लोक आजही यावर हसतात, आणि तिथे ते गोड वाटते. त्याच गेममध्ये शेवटी खलनायक नायकाला अर्धे जग देऊ करतो. तिथे ‘हो’ म्हटले की नायकाची कथा तिथेच आटोपते. विचारले, तर उत्तर मानले. पहिल्या प्रकाराचे अनुकरण करणारे हौशी गेम मला ढिगाने भेटले आहेत, दुसऱ्या प्रकाराचे हातावर मोजण्याइतके. वास्तविक दुसऱ्याला फक्त एक लहानसा प्रसंग आणि गेम संपल्याचा पडदा लागतो.

गुण-अवगुणांच्या पट्टीविषयीही लिहायला हवे, कारण लेखात तिचे कौतुक होते. भिकाऱ्याला नाणे दिले की पडद्याच्या कोपऱ्यात ‘सद्गुण +५’ असे उमटते, आणि त्या क्षणापासून खेळाडू भिकाऱ्याकडे पाहायचे सोडून पट्टीकडे पाहू लागतो. रिचर्ड गॅरियट यांच्या १९८५ च्या ‘अल्टिमा ४’मध्येही आचरणाचे गुण मोजले जातात, किंबहुना तो गेमच आठ सद्गुणांवर उभा आहे आणि त्यात शेवटी मारायला कोणी महाखलनायक नाही. पण तिथली मोजणी पडद्याआड चालते. जादूसाठी लागणारी द्रव्ये विकणारी बाई आंधळी आहे. ती किंमत सांगते आणि किती नाणी द्यायची तो आकडा खेळाडूने स्वतः टाकायचा असतो. कमी टाकला तरी माल मिळतो. तिथे ‘फसवा’ आणि ‘फसवू नका’ असे दोन पर्याय मांडलेले नाहीत, गेम काही बोलतही नाही. हिशोब मात्र ठेवला जातो. चाळीस वर्षांपूर्वीच्या संगणकावर जमलेली ही गोष्ट आजच्या कोणत्याही फुकट साधनात एका व्हेरिएबलने जमते.

यावर कोणी टोबी फॉक्स यांच्या २०१५ च्या ‘अंडरटेल’कडे बोट दाखवेल. बव्हंशी एका माणसाने केलेला हा गेम जगभर गाजला आणि त्याला निरनिराळे शेवट आहेत, हे खरेच आहे. पण त्यातली निवड कथेच्या चौरस्त्यावर ठेवलेली नाही, ती प्रत्येक लढाईत आहे. समोरच्याला मारायचे की सोडायचे, हा प्रश्न खेळाडू सतत जे करत असतो त्यातूनच पुन्हा पुन्हा येतो. सुरुवातीला एका प्रेमळ पात्राला मारून पस्तावलेला खेळाडू जुन्या सेव्हवर (आधी साठवून ठेवलेल्या टप्प्यावर) परत गेला आणि या खेपेस त्याने तिला सोडले, तरी थोड्याच वेळात दुसरे पात्र त्याला पहिल्या वेळच्या कृत्याची जाणीव करून देते. हौशी निर्मात्यांनी या गेममधून शेवटांचा आकडा उचलला. उचलायची होती ती ही स्मरणशक्ती.

निवड नसणे हा दोष नव्हे, हेही नोंदवतो. ‘आरपीजी मेकर’मध्येच केलेल्या २०११ च्या ‘टू द मून’मध्ये कथा बदलणारी निवड जवळजवळ नाही आणि ते कोणाला खटकत नाही, कारण त्या गेमने तसा आव कधी आणलाच नाही.

नव्या निर्मात्याला आपला गेम कुठे बसतो हे कळण्याचा एक बिनखर्ची मार्ग आहे. पहिल्या खेळाडूच्या मागे बसावे आणि तोंडातून अवाक्षर काढू नये. पर्याय आल्यावर त्याचे बोट कुठे थबकते आणि कुठे न वाचताच बटण दाबले जाते, ते टिपावे. ‘यातल्या कशाने जास्त फायदा होईल?’ असे त्याने विचारले, तर तिथे गणित मांडले गेले आहे, असे समजून तो प्रसंग पुन्हा लिहावा. ‘माझा हा माणूस असं करणार नाही’ असे तो आपणहून पुटपुटला, तर त्या प्रसंगाला हात लावू नये, मग त्यातून कथेची एकही नवी वाट निघत नसली तरी चालेल.

आपल्या पुरवणीकडून एवढीच अपेक्षा आहे. यापुढे अशा गेमची ओळख करून देताना शेवटांचा आकडा ठळक अक्षरांत न छापता, आपण आधी केलेले एखादे लहानसे कृत्य गेमने पुढे कुठे लक्षात ठेवले ते समीक्षकाने सांगावे, नकार देण्याची सोय होती का आणि तो मानला गेला का हे लिहावे, आणि गेम पूर्ण झालेला आहे की फक्त पहिला अध्याय उपलब्ध आहे, याचाही स्पष्ट उल्लेख करावा.

आपला,
एक वाचक