वाडिया हॉस्पिटलातल्या सोशल वर्कर ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

भाचीचं ऑपरेशन होऊन आता बराच काळ लोटला. परवा ती चाळीचे तिन्ही मजले न थांबता चढली, आणि वर पोचल्यावर आईलाच म्हणाली, "तू किती हळू!" हे आधी तुम्हाला कळवायला हवं होतं.

हृदयाच्या ऑपरेशनच्या खर्चाचा कागद पाहून बहीण मटकन खाली बसली होती. कोणत्या ट्रस्टला उत्पन्नाचा दाखला चालतो, कुणाला रेशनकार्डच लागतं, आधारवर आणि रेशनकार्डावर नाव वेगळं असलं तर काय करायचं, हे सगळं तुम्ही एका चिठ्ठीवर लिहून दिलंत. बहीण पाया पडायला वाकली तेव्हा तिला धरून म्हणालात, "अहो, हे हॉस्पिटल तुमच्यासाठीच बांधलंय."

तेव्हा ते धीराचे शब्द वाटले. मग मी वाचत गेलो. गिरणीमालक नौरोजी वाडियांच्या मुलांनी, सर नेस आणि सर कसरो यांनी, परळला १९२६ साली वडिलांच्या नावाने प्रसूतिगृह उभारलं आणि १९२९ मध्ये आई जेरबाईंच्या नावाने मुलांचं हॉस्पिटल. जेरबाईंनी स्वतः घरं बांधली ती पारशी कुटुंबांसाठी, लालबागच्या नवरोज बागेपासून. हे हॉस्पिटल मात्र गिरणगावातल्या कामगारांच्या पोरांसाठी. त्याची गरजही तशीच होती. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या हजार जन्मांमागे ६६६ बाळं वर्षाच्या आत दगावली. अनेक बायका बाळंतपणाला गावी जात, म्हणजे जन्माची नोंद तिकडे आणि बाळ मुंबईत दगावलं तर मृत्यूची इथे, त्यामुळे हा आकडा फुगलेला, पण खोलीत दहा-दहा माणसं, आणि आई गिरणीत कामाच्या पाळीवर गेली की बाळ झोपून राहावं म्हणून अफूची बाळागोळी, हे खोटं नव्हतं.

माझे आजोबा गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. त्यामुळे गिरणीमालकाच्या दानाबद्दल नुसतं गोडगोड लिहायला हात वळत नाही. तो पैसा कुणाच्या घामातून आला, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण पैसेवाले त्या काळी पुष्कळ होते, आणि त्यातल्या सगळ्यांनी काही कामगारांच्या पोरांसाठी हॉस्पिटलं बांधली नाहीत. म्हणून वाडिया बंधूंचेही आभार, थोडे हातचे राखून.

तुमचे मात्र पूर्ण. तुम्ही आम्हाला हात पसरायला लावलं नाहीत.

ती चिठ्ठी बहिणीने शेजारच्या खोलीतल्यांना दिली आहे. त्यांचं बाळ घेऊन ते सोमवारी येतील. नावातली चूक त्यांच्याही कार्डावर आहे.

आपला,
भाचीचा मामा