बोस्टनचा चहा महागला नव्हता

संपादक महोदय,
अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींमधल्या बोस्टन बंदरात तिथल्या रहिवाशांनी १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या, त्या चहा महागला म्हणून, असे अजूनही अनेकांना वाटते. मला हे फार खटकते. उलट त्या वर्षीच्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा स्वस्त झाला होता; चोरून डच चहा आणणाऱ्यांचे धाबे त्यामुळेच दणाणले. वसाहतींत तस्करी जुनीच. १७३३ मध्ये रम बनवायला लागणाऱ्या परकीय काकवीवर गॅलनमागे ६ पेन्स कर बसला, आणि तो बुडवूनच रमच्या भट्ट्या धगधगत राहिल्या. १७६४ मध्ये कर निम्मा झाला, पण वसुली कडक केली. असंतोष तिथून पेटत गेला. ब्रिटिश संसदेत वसाहतींच्या प्रतिनिधित्वाशिवाय कर नको, हा मुद्दा खराच. तरी आपल्या पाठ्यपुस्तकांत या काकवीलाही चार ओळी मिळाव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक इतिहासप्रेमी वाचक, सांगली