सही येते, तरी अंगठा का?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

नेत्रदान पंधरवड्यानिमित्त कालच्या रविवार पुरवणीत आलेला लेख सुनेने मला वाचून दाखवला. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावे लागते, चष्मा असलेल्यांना आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनाही ते करता येते, ही माहिती दिलीत त्याबद्दल आभार. ती दरवर्षी छापली तरी कमीच आहे. पण लेखाच्या शेवटी 'सर्वांनी नेत्रदान केले तर देशात एकही अंध उरणार नाही' असे वाक्य आहे. ते खोटे आहे. आपल्या नजरेतून ते कसे सुटले, हे मला कळत नाही.

नेत्रदानात अख्खा डोळा बसवत नाहीत. डोळ्याच्या पुढचे पारदर्शक पारपटल तेवढे बदलतात. इजा होऊन किंवा जंतुसंसर्गाने ज्याचे पारपटल पांढरे पडले आहे, त्याला त्याने दृष्टी मिळते आणि ती मिळायलाच हवी. माझी दृष्टी काचबिंदूने गेली. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस मरत जाते, बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे. मेलेली नस परत येत नाही आणि दुसऱ्याची काढून बसवताही येत नाही. मधुमेहाने किंवा आनुवंशिक आजाराने ज्यांचा आतला पडदा खराब झाला आहे, त्यांनाही दान केलेल्या डोळ्याचा उपयोग नाही. मी नेत्रदानाच्या विरोधात लिहिते आहे असे मात्र कोणी समजू नये. मी स्वतः अर्ज भरला आहे. माझी नस गेली असली तरी पारपटले चांगली आहेत, ती दुसऱ्या दोघांच्या उपयोगी पडतील.

काल दुपारपासून फोन सुरू झाले. नणंदेचा, शेजारच्या काकूंचा, माझ्याबरोबर शाळेत असलेल्या बाईंचा. 'अगं, पेपरात आलंय, आता तुला डोळे मिळतील, नाव नोंदवलंस का?' सगळी मायेची माणसे. प्रत्येकीला मी पहिल्यापासून समजावून सांगितले आणि प्रत्येकीचा आवाज पडला. मग त्यांची समजूतही मलाच काढावी लागली.

फोनचे एक वेळ सोडून देईन. पण हीच समजूत मला एकदा बँकेत ऐकवली गेली आहे, म्हणून हे पत्र.

माझी दृष्टी एकदम गेली नाही. काचबिंदूत बाजूची नजर आधी जाते आणि मधली शेवटपर्यंत टिकते. कागदाच्या पुंगळीतून पाहावे तसे दिसायचे. वहीतले अक्षर वाचता यायचे आणि दारातली बादली दिसायची नाही. काठी घेऊन एसटीत चढायचे आणि तिकिटावरचा आकडा वाचायचे, तेव्हा मागच्या बाकावरून बोलणी ऐकली आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात नजरेचा घेर दहा अंशांच्या आत आला की तेही अंधत्वच धरलेले आहे, मधले कितीही स्पष्ट दिसो. आपल्या लेखात ही माहिती आली असती तर एखादी बाई तरी अशा बोलण्यांतून सुटली असती.

शेवटी मधलेही गेले. डॉक्टर म्हणाले, 'आता आपल्या हातात काही नाही.' त्यांनी उपचारात कसूर केली असे मी म्हणत नाही. पण त्यांच्या खोलीतून बाहेर पडल्यावर पुढे कुठे जायचे, हे कोणीच सांगितले नाही. अंध मुलांसाठी आपल्या देशात 1887 पासून शाळा आहेत, पहिली अमृतसरला निघाली. नोकरी-संसार करून झाल्यावर ज्याची दृष्टी जाते, त्याने कुठे जायचे? मी कित्येक महिने कॉटवर बसून काढले. चहा हातात यायचा, ताट समोर यायचे, बाथरूमपर्यंत मुलगा न्यायचा. मोठ्या माणसांना शिकवणारी संस्था पुण्यात आहे, हे मला एका लग्नाला जाताना एसटीत शेजारी बसलेल्या बाईंकडून कळले. दवाखान्यातून नाही आणि वर्तमानपत्रातूनही नाही.

तिथे मी पुन्हा चालायला शिकले. उजवे पाऊल टाकताना काठीचे टोक डावीकडे टेकवायचे, डावे टाकताना उजवीकडे. पुढचे पाऊल पडणार ती जागा अशी आधीच तपासून होते. चहा ओतताना कान आवाजाकडे ठेवायचा, कप भरत आला की आवाज चढत जातो. मिठाच्या बरणीला रबरबँड, साखरेच्या बरणीला नाही. नव्या पाचशे, दोनशे आणि शंभरच्या नोटा रुंदीला सारख्याच आहेत आणि लांबीत चार-चार मिलिमीटरचा फरक, बोटांना तो पटकन लागत नाही. म्हणून प्रत्येक नोटेची घडी वेगळी घालायची. नोट ओळखून बोलून सांगणारे रिझर्व्ह बँकेचे 'मनी' अ‍ॅप 2020 पासून आहे आणि ते चांगले आहे, पण भाजीच्या गाड्यापाशी दर नोटेला फोन काढत बसता येत नाही. ब्रेलची सहा टिंबे बोटांना समजायला या वयात फार वेळ लागतो आहे, पण मी सोडलेले नाही.

आणि मी सही शिकले. शिकवणारे सर स्वतः जन्मांध. त्यांनी एका पुठ्ठ्याला सहीएवढी आडवी खिडकी कापून दिली. ओळ कुठे आहे हे कोणी एकदा दाखवले की पुठ्ठा तिथे ठेवायचा, डाव्या हाताचे बोट खिडकीच्या कडेला लावायचे आणि सही करायची. अक्षरे हाताला पाठच असतात, ओळ तेवढी चुकते, ती पुठ्ठ्याने सापडते. पहिली सरळ सही जमली तेव्हा सरांनी कागदामागे उमटलेल्या रेघा बोटाने तपासल्या आणि म्हणाले, 'बाई, पास.'

त्यानंतर काही दिवसांनी नातीच्या कॉलेजच्या फीसाठी मुदत ठेव मोडायला बँकेत गेले. ठेव माझ्या एकटीच्या नावावर, माझ्या पगारातून साठवलेली. मुलगा सोबत होता. फॉर्मवर मी पुठ्ठा ठेवून सही केली. काउंटरवरच्या बाईंनी ती साहेबांकडे नेली. साहेब माझ्याशी नाही, मुलाशी बोलले. 'यांना दिसत नाही ना? मग अंगठा घ्या.' मी म्हणाले, 'मला सही येते, नमुन्याशी ताडून पाहा, हवी तर आणखी करून देते.' तर म्हणाले, 'मॅडम, दिसत नसलं की अंगठाच लागतो, आणि दोन साक्षीदार. त्यापेक्षा मुलाचं नाव खात्यात घाला ना, तुमचीच सोय आहे.' एटीएम कार्डाचे विचारले, तर ते आता कशाला हवे, कोणीही फसवेल, असे उत्तर. आणि मग, अगदी समजुतीच्या सुरात, 'आता नेत्रदानाने डोळे मिळतात की. ऑपरेशन करून घ्या, दिसायला लागलं की सही परत सुरू करू.'

फी भरायचा तो शेवटचा दिवस होता. मी अंगठा दिला.

संपादक महोदय, 1988 मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले. त्यानंतरच्या काळात आम्ही प्राथमिक शिक्षक दिवसभर शाळा करून रात्री समाजमंदिरात बायकांचे वर्ग घ्यायचो. शेतातून दमून आलेल्या, मांडीवर पोर घेऊन बसलेल्या बायका. त्यांना सगळी बाराखडी शिकवायला वेळ नसायचा. त्या म्हणायच्या, 'बाई, आधी सही शिकवा. सोसायटीत अंगठा द्यायची लाज वाटते.' मी त्यांचा हात हातात धरून त्यांचे नाव गिरवून घेतले आहे. त्यातली एक तर पहिली सही करून आली तेव्हा वर्गातच रडली होती. त्या दिवशी बँकेत माझा अंगठा दुसऱ्याने धरून शाईवर दाबला. आवाजावरून कळत होते की रांगेत माझे दोन विद्यार्थी उभे आहेत. तेही काही बोलले नाहीत. घरी येईपर्यंत मी मुलाशीही बोलले नाही.

रिझर्व्ह बँकेने जून 2008 मध्येच सर्व बँकांना कळवले आहे की अंध व्यक्ती कायद्याने करार करण्यास पात्र असते. चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर यांपैकी कोणतीही सोय अंधत्वामुळे नाकारू नये. 2016 च्या कायद्याचे तेरावे कलमही आमचे आर्थिक व्यवहार आम्हीच सांभाळण्याचा हक्क देते. रिझर्व्ह बँकेचे ते परिपत्रक भाच्याने छापून दिले. ते घेऊन मी पुन्हा गेले, तेव्हा नव्या नमुना सह्या घेतल्या आणि सही मान्य झाली. एटीएम कार्ड अजून मिळालेले नाही. पूर्वीच्या अंगठ्याबद्दल कोणी एक शब्द बोलले नाही. आता केवायसी फोनवरून करा म्हणतात, आणि फोन सांगतो, चेहरा चौकटीत आणा, डोळ्यांची उघडझाप करा. सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी याच प्रकारावर निकाल दिला आहे, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे आणि उघडझापीला पर्याय द्या असे बजावले आहे. निकाल लागला, पण तो आमच्या शाखेपर्यंत अजून यायचा आहे.

दृष्टी परत येईल तेव्हा सगळे सुरळीत होईल, असे धरून चालणारा माणूस आज माझ्यासाठी काहीच करत नाही. बँकेतले साहेब तसे होते. खुद्द मीही कॉटवर बसून तेच ऐकत होते आणि त्यात माझे महिने गेले. अशाच समजुतीला आपला लेख खतपाणी घालतो. ज्यांचे पारपटल खराब आहे त्यांना डोळे मिळोत, बाकीच्यांना त्यांच्या जिल्ह्यात काठी, फोन आणि सही कुठे शिकवतात याचा पत्ता मिळो. नॅब, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, यासारखी अंधांसाठीची संस्था 1952 पासून काम करते आहे. तिचा उल्लेख लेखात एका ओळीत बसला असता.

आणखी एक, आपल्याच घरचे. लेख सुनेला वाचून दाखवावा लागला, कारण आपला ई-पेपर हा पानांचा फोटो आहे. माझा फोन त्यावर बोट ठेवले की फक्त 'चित्र' म्हणतो. चाळीस वर्षे मी रोज सकाळी आपले वर्तमानपत्र वाचले. आजही वर्गणी भरते. सुनेला नोकरीवर जायचे असते, ती मथळे वाचते आणि पळते. अग्रलेख मी कित्येक दिवसांत पूर्ण ऐकलेला नाही. मजकूर युनिकोड अक्षरांत दिला की फोन तो स्वच्छ मराठीत वाचतो, त्यासाठी मला काही नवीन विकत घ्यावे लागत नाही. आपल्याकडे तो मजकूर संगणकात तयार असतोच. याबद्दल यापूर्वीही कळवले होते, पोचही आली नाही.

पुढच्या रविवारी ते वाक्य दुरुस्त करून छापावे. हे पत्र मी फोनला सांगून लिहिले आहे, सुनेने फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिले. छापलेत, तर कृपया ई-पेपरच्या फोटोत ठेवू नका, अक्षरांत टाका. काटछाट काय केलीत हे मला माझे मला वाचायचे आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, कराड