व्हायवॅक्स हिवतापासाठी सोलापुरात डास-प्रयोगशाळा हवी

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,

स. न. वि. वि.

माणसाच्या रक्तातली अँटिबॉडी डासाच्या पोटातही काम करते. डासाने रक्त ओढले की ते निवते आणि हिवतापाच्या परजीवीच्या नर-मादी पेशी जाग्या होतात. पंधरा-वीस मिनिटांत एका नरातून आठ शेपटीवाल्या पेशी सुटतात. परजीवीच्या पी-२३० प्रथिनावर बसलेली अँटिबॉडी त्याच रक्तातल्या कॉम्प्लिमेंट या संरक्षक प्रथिनांकरवी त्यांना फोडते, पी-४८/४५ प्रथिनावरची फलन अडवते, पी-२५ वरची पुढच्या अवस्थेला जठराची भिंत ओलांडू देत नाही. मग १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या जठरावर दिसल्या होत्या, त्या गाठी धरतच नाहीत.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ॲडफाल्सिव्हॅक्स या हिवतापावरच्या लशीत २३० आणि ४८/४५ यांचे भाग आहेत. पण ती फाल्सिपेरम या परजीवीसाठी. शहरांत त्रास अधिक व्हायवॅक्स या दुसऱ्या परजीवीचा. नळाला रोज पाणी नाही म्हणून सोलापुरात घरोघरी बॅरल भरून ठेवतात, आणि शहरी हिवतापाचा स्टेफेन्सी डास अशाच साठ्यात वाढतो.

अडचण अशी की व्हायवॅक्स प्रयोगशाळेत सलग वाढवता येत नाही. अँटिबॉडी तपासायला रुग्णाचे ताजे रक्तच लागते, म्हणून डास-प्रयोगशाळा रुग्णालयाला लागून हवी. पुण्याला नमुना पाठवून भागत नाही.

रक्त गोठू नये म्हणून ते हेपॅरिनच्या नळीत घ्यावे, ईडीटीएच्या नाही. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतो आणि नरपेशी सुटतच नाहीत. नमुना काढताच उपचार सुरू व्हावेत, प्रयोगासाठी गोळी लांबवू नये. नळी ३७ अंशांच्या फ्लास्कमधून आणावी. वाटेत निवली तर जे डासात व्हायचे ते नळीतच उरकते. सेंट्रिफ्यूजही आधी गरम हवा. रुग्णाचा प्लाझ्मा काढून अर्ध्या पेशींत तो परत घालावा, अर्ध्यांत तुलनेसाठी हिवताप न झालेल्या एबी रक्तगटाच्या माणसाचा सीरम. सीरम ५६ अंशांवर तापवला असेल तर कॉम्प्लिमेंट मरतो आणि २३० ची चांगली अँटिबॉडीही निकामी भासते. ही चूक निकाल हाती आल्यावरही ओळखू येत नाही.

तीन ते पाच दिवसांच्या, रात्रभर उपाशी ठेवलेल्या माद्यांना हे रक्त पातळ पडद्यातून पाजायचे. न प्यालेल्या वेगळ्या काढायच्या. सात-आठ दिवसांनी जठरे सोडवून मर्क्युरोक्रोम या रंगात गाठी मोजायच्या. उरलेले डास लगेच मारावेत, लाळग्रंथीपर्यंत परजीवी पोचू देऊ नयेत.

खरा खर्च खोलीचा आहे. २६-२७ अंश, ८० टक्के दमटपणा, दुहेरी दारे. सोलापूरच्या मे महिन्यात एक दुपार वीज गेली तरी पारा पस्तिशीपार जाऊन कोवळ्या अवस्था मरतात, आणि श्रेय भलतेच अँटिबॉडीला जाते! तेव्हा एसीबरोबर जनरेटरही त्याच मंजुरीत धरावा, आणि डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डास पोसणाऱ्या कीटकशास्त्रज्ञाचे कायम पद भरावे. डासांना सुट्टी नसते. कंत्राट संपले की पोसलेली डासांची वसाहत आठवड्यात जाते.

आपले,
हिवतापाच्या क्षेत्रात काम करणारे सोलापूरकर