एएसएलव्हीच्या त्या दोन ओळींसाठी, सर, मनापासून आभार

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

नाव कुठे छापू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं 'सर'. पण चारचौघांत आभार मानल्याशिवाय मला राहवत नाही.

विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी भारताच्या रॉकेटांचा तक्ता केला होता. 1980 साली रोहिणी उपग्रह कक्षेत सोडणाऱ्या एसएलव्ही-3 ला मोठी रंगीत चौकट आणि त्यानंतरच्या एएसएलव्ही या रॉकेटच्या वाट्याला दोन ओळी: 24 मार्च 1987, अयशस्वी. 13 जुलै 1988, अयशस्वी. तारखा तेवढ्या तपासून द्याल का, इतकंच मी फोनवर विचारलं होतं. तुम्ही मुलांना घेऊन घरी या म्हणालात आणि अख्खी संध्याकाळ त्या दोन ओळींना दिलीत.

दाराआडची काठी तुम्ही तळहातावर उभी केलीत. हात सतत हलत होता, म्हणून ती तोलून राहिली होती. "आता क्षणभरच हात थांबवतो," म्हणालात, आणि काठी खाली आली. मुलांचे चेहरे मी तेव्हा पाहत होते. रॉकेटचंही असंच, तुम्ही म्हणालात: बाजूचे दोन बूस्टर, म्हणजे सुरुवातीला जोर देणारी जोड-रॉकेटं, विझत आलेली, मधली मोटर अजून पेटायची, आणि वेगामुळे हवेचा मारा नेमका तेव्हाच जबरदस्त. पहिल्या खेपेला मधली मोटर पेटलीच नाही. दुसऱ्या खेपेला त्या क्षणांच्या फटीतच रॉकेटवरचा ताबा सुटला आणि उड्डाणानंतर साधारण 50 सेकंदांनी ते मोडलं.

मग तुम्ही जे सांगितलंत, ते मला स्वतःला माहीत नव्हतं. पुढच्या उड्डाणात मोटर पेटवणं ठरलेल्या सेकंदावर सोडलं नाही. बूस्टरचा जोर उतरतोय हे रॉकेटनेच ओळखायचं आणि मोटर पेटवायची, अशी सोय केली. स्थिरतेसाठी पंखही बसवले. 20 मे 1992 ला उपग्रह कक्षेत पोचला. कक्षा हवी त्यापेक्षा खालची होती, म्हणून तो फार टिकला नाही. 4 मे 1994 ला मात्र सगळं जमलं. एवढं सांगून तुम्ही थोडा वेळ गप्प बसलात. ते गप्प बसणंही मुलांच्या लक्षात राहिलंय.

सर, मी इतकी वर्षं शिकवतेय, पण 'अयशस्वी' हा शब्द लिहून पुढे जाण्याची सवय मलाही होती. काय बिघडलं, कोणत्या सेकंदाला बिघडलं, हे विचारायला तुम्ही शिकवलंत.

मुलांनी त्या दोन ओळींवर कागद चिकटवून सगळी हकिगत नव्याने लिहिली. प्रदर्शनात सातवीतली एक मुलगी दिवसभर काठी तोलून दाखवत होती. रॉकेटच्या मॉडेलपेक्षा तिच्याभोवतीच जास्त गर्दी होती.

तक्ता घेऊन येत्या रविवारी आम्ही येतोय. काठीही परत द्यायची आहे.

तुमची कृतज्ञ,
एक विज्ञान शिक्षिका