हिरवा ठिपका खरा की पार्मिजानो खरं, ते एकदा ठरवा

प्रति,
मॅनेजमेंट आणि कस्टमर केअर,
कोरेगाव पार्क आउटलेट, पुणे

विषय: शाकाहारी म्हणून दिलेला शनिवारी रात्रीचा रिसोत्तो (इटालियन भात), त्यातलं चीज, आणि आज दुपारी तुमच्या माणसाने फोनवर दिलेलं उत्तर

आत्ता चौथा फोन ठेवला. 19 मिनिटं होल्डवर ठेवून तुमचा माणूस म्हणाला, "मॅम, चीज तो दूध से ही बनता है ना, तो व्हेज ही हुआ." म्हणून आता लिहून देतेय. इटालियन चीज कशाचं बनतं हे मी तुम्हाला शिकवायची गरज नसावी, मेनूवर पहिल्याच पानावर शेफचा इटलीतला फोटो छापलाय तुम्ही, पण तरी लिहितेय कारण तुमच्याकडे चार जणांना विचारलं आणि चौघांनाही माहीत नव्हतं.

आई-बाबांच्या लग्नाला 40 वर्षं झाली म्हणून टेबल बुक केलं होतं. आई माळकरी आहे. 22 वर्षं गळ्यात तुळशीची माळ, 11 वाऱ्या पायी केल्यात, अंडं घातलेला केक पण खात नाही. मी स्वतः सगळं खाते, माझा प्रश्नच नाही. बुकिंग करताना फोनवर सांगितलं, की एक जण पक्के शाकाहारी आहेत, अंडं नको आणि चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट, म्हणजे दुधाचं चीज करायला घालतात ते विरजण, नको. "नोट केलंय मॅम." टेबलवर ऑर्डर देताना परत विचारलं. वेटर मुलगा बिचारा आत जाऊन आला आणि मेनूवर बोट ठेवून म्हणाला, ग्रीन डॉट है मॅम, हंड्रेड पर्सेंट व्हेज. मशरूम रिसोत्तोपुढे खरंच हिरवा ठिपका होता. म्हणजे मी दोनदा विचारलं, लक्षात घ्या, दोनदा.

आईने अर्धी प्लेट संपवली होती, तिला आवडला पण होता, "आपल्या मऊ खिचडीसारखा लागतो गं" म्हणाली. तेवढ्यात तोच मुलगा किसणी आणि चीजचा मोठा तुकडा घेऊन आला आणि पाठ केलेलं भाषण सुरू. चोवीस महिने मुरवलेलं, खास पार्माहून आलेलं पार्मिजानो रेज्जानो, आतमध्ये शेफने रिसोत्तोत घातलंय तेच, वरून अजून देऊ का. तुकड्याला साल होती. सालीवर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव मला समोर दिसत होतं. मी तीन वर्षं इटलीत तुरिनला नोकरी केलीये, रांजणगावच्या प्लांटमधून गेले होते, ती साल मी दर आठवड्याला बघायचे.

तर पार्मिजानो रेज्जानो या नावाने जे विकतात ते दूध, मीठ आणि वासराच्या जठरातलं रेनेट, एवढ्या तीनच गोष्टींचं असतं. त्याची नियमावलीच तशी आहे, चौथं काही चालत नाही आणि वासराच्या जागी दुसरं रेनेटही चालत नाही. तुरिनच्या साध्या चीजवाल्याला 'काल्यो वेजेताले' म्हणजे बिनप्राण्याचं रेनेट आहे का असं विचारलं की तो पार्मिजानोकडे बघायचाही नाही, सरळ दुसऱ्या कपाटाकडे न्यायचा. आपल्याकडे किराणा दुकानातल्या चीजच्या पाकिटावर सुद्धा मायक्रोबियल रेनेट असं लिहिलेलं सापडतं. तुमच्याकडे 1,250 रुपयांच्या प्लेटमागे हे कोणाला सांगता येत नाही.

म्हणजे दोनच शक्यता आहेत. चीज खरं असेल तर हिरवा ठिपका खोटा. ठिपका खरा असेल तर ते पार्मिजानो नाही, मग चोवीस महिने आणि पार्मा आणि ते किसणीचं नाटक खोटं. दोन्ही एकदम खरं कसं, एवढंच मी विचारतेय शनिवारपासून.

आता तुमचे मॅनेजर. हे नीट वाचा, कारण फोनवर हे सांगायला लागले की प्रत्येक वेळी "आय अंडरस्टँड मॅम" म्हणून मला मध्येच तोडलं गेलंय. बोलावल्यावर 15 मिनिटांनी साहेब आले आणि आले ते सरळ माझ्या नवऱ्याकडे. "सर, एनी प्रॉब्लेम?" नवरा म्हणाला, तिला विचारा, तिला कळतं यातलं. मी शांतपणे सांगितलं, खरंच शांतपणे, आई शेजारी बसली होती. त्यावर ते हसले आणि म्हणाले, "ॲक्च्युअली मॅम, ऑथेंटिक इटालियनची टेस्ट सगळ्यांना सूट नाही होत." मी म्हटलं, टेस्टबद्दल कोणी बोललंच नाहीये, रेनेटबद्दल बोलतेय. म्हणाले, "नाही नाही मॅम, आम्ही रेनेट वगैरे काही वापरतच नाही, सगळं फ्रेश असतं." फ्रेश! मी विचारलं, मग दुधाचं चीज झालं कसं? तर विषय बदलून विचारतात, "पहिल्यांदाच खाताय का इटालियन?" आणि मग आईच्या गळ्यातल्या माळेकडे बघून, आवाज बारीक करून, लहान मुलाला समजावतात तसं, "आंटीजींसाठी आमच्याकडे पनीर मखनी पिझ्झा पण आहे, तो त्यांना चालेल, ट्राय करा ना."

आंटीजी! कानाने ठणठणीत आहेत त्या. 34 वर्षं शाळेत गणित शिकवलंय. तुमच्या मॅनेजरला तिने वर्गात उभं केलं असतं, पण ती काहीच बोलली नाही, फक्त चमचा खाली ठेवला आणि मला म्हणाली, "जाऊ दे गं, आजच्या दिवशी नको." दुसऱ्या दिवशी तिने काही न सांगता उपवास धरला. एकादशी नव्हती. तो उपवास कशाचा होता हे तुमच्या फीडबॅक फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात भरायचं ते कळवा.

आणि पनीर मखनी पिझ्झाबद्दल माझं काही म्हणणं नाही, आनंदाने विका, निदान त्यात काय आहे हे तुमच्या स्टाफला माहीत असेल. पण मग ऑथेंटिकची टिमकी माझ्यासमोर वाजवू नका. त्याच रात्री माझ्या काचो ए पेपे पास्तामध्ये क्रीम होतं. क्रीम! पेकोरीनो चीज, मिरी आणि पास्ता उकळलेलं पाणी, एवढ्यावर होणारा पदार्थ आहे तो. त्याच्यापुढेही हिरवा ठिपका, आणि पेकोरीनो रोमानोला कोकराचं रेनेट लागतं, पण तो मी खाल्ला म्हणून सोडून देते. सोडून देते म्हटलं तरी लिहिलंच शेवटी.

बिल. खाणं आणि पाणी 7,240, त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज 724, आणि त्या सर्व्हिस चार्जवरही जीएसटी, सगळं मिळून 8,362. अर्धा टाकलेला रिसोत्तो पूर्ण लावला. सर्व्हिस चार्ज काढा म्हटलं तर, सिस्टीममध्ये ऑटोमॅटिक येतो. तो असा आपोआप लावायचा नाही हे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलंय आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते उचलून धरलंय. तुमच्या सिस्टीमला पेपर वाचायची सवय नसेल. इटलीत पण कोपेर्तो, म्हणजे टेबलाचा आकार, घेतात माणशी दोन-तीन युरो, पण तो मेनूवर आधीच छापलेला असतो, आणि तो घेऊन वर कोणी तुमच्या आईला पिझ्झा सुचवत नाही.

या सगळ्यावर तुम्ही काय दिलंत, तर पुढच्या व्हिजिटला 15 टक्के सवलतीचं व्हाउचर, सोमवार ते गुरुवार, 30 दिवसांत, ड्रिंक्स सोडून. माळकरी बाईला. ते मी परत पाठवतेय.

वाईट याचं वाटतं की तुमच्या इथे मी आधी चार वेळा आलेय, तुरिनहून परत आल्यावर पुण्यात कुठे बरं बुर्राटा चीज मिळतं असं कोणी विचारलं की तुमचंच नाव सांगायचे, ऑफिसातल्या निम्म्या लोकांना मीच पाठवलंय तुमच्याकडे. आता त्यांना हे पत्र पाठवणार आहे.

मला हवंय ते एवढंच. रिसोत्तोत त्या रात्री नक्की कुठलं चीज होतं, त्याच्या पाकिटाचा फोटो आणि खरेदीचं बिल. मेनूवरचे ठिपके दुरुस्त करा, कारण उद्या कुणाचे तरी जैन आजी-आजोबा त्याच ठिपक्यावर विश्वास ठेवून बसतील. 724 रुपये आणि त्यावरचा जीएसटी 36 रुपये 20 पैसे परत. आणि मॅनेजरने आईची माफी मागायची, मराठीत, आंटीजी न म्हणता. सात दिवसांत झालं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासन) पुणे ऑफिसला मेनूचा आणि त्या सालीचा फोटो देईन, दोन्ही नवऱ्याने काढून ठेवलेत, त्याला जेवणाचे फोटो काढायची खोड आहे, पहिल्यांदाच उपयोगी पडली.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका, होल्डवरचं ते मँडोलिन आता मला पाठ झालंय.